चिनी दिग्दर्शिकांच्या सिनेमातल्या बायका: शेवटी घरीच का येतात?

कोरा चहा

नमस्कार मंडळी. सध्या चीनमधल्या बायकांनी दिग्दर्शित केलेले सिनेमे बघायचा सपाटा लावलाय. त्यावरून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. रहस्यभेद भरपूर आहे, ज्यांना बघायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

सुरुवात झाली 'सिस्टर'पासून (२०२१, दिग्दर्शक यिन रुओशिन). छंगतूमधली आन रान ही नर्स. आईबाप अपघातात जातात आणि सहा वर्षांचा भाऊ तिच्या गळ्यात पडतो. त्याला ती धड ओळखतही नाही. तिला बीजिंगला जाऊन पुढे शिकायचंय. नातेवाईक म्हणतात, मोठी बहीण ना तू, मग सांभाळ. ती म्हणते, नाही सांभाळणार, दत्तक देणार. झालं, सगळी भावकी तुटून पडते.

एक अपत्य धोरणाच्या काळात पहिलं मूल अपंग असेल तर दुसऱ्याची परवानगी मिळायची. मुलगा हवा म्हणून बापाने हिला पायाने अधू ठरवलेलं. तपासायला माणसं दारात येतात, तर ही पोर स्कर्ट घालून मजेत नाचतेय! मग बापाचा मार. या एका प्रसंगासाठी मी दिग्दर्शिकेला सगळं माफ केलं असतं, पण शेवट? दत्तकाच्या कागदावर लिहिलेलं असतं की पुन्हा भावाला भेटायचं नाही. तिच्याच्याने सही होत नाही. त्याचा हात धरून निघून येते. दोन तास सिनेमा तिच्या बाजूने भांडला आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिला घरी आणून सोडलं.

मग आठवलं, 'हाय, मॉम'मध्येही आई शेवटी सगळ्यावर पाणी सोडून आईच राहते. हे असं का? सेन्सॉर, तिकीटबारी, की या बायकांना मनापासून असंच वाटतं?

खवचट खंड्या

चटई टाकली आहे. शेंगदाणे आणले आहेत. चालू द्या.

अबोली_ठाणे

धागा आवडला, पण 'घरी आणून सोडलं' हे नाही पटलं. ती सही करत नाही, एवढंच आपण बघतो. बीजिंगला जाते की नाही, भावाला नेते की ठेवते, काही सांगितलेलं नाही. चीनमध्येही यावरून दोन तट पडले होते. एक म्हणे, बाईने पुन्हा बाईचाच बळी दिला. दुसरे म्हणे, काय ही काळजाची दगड बहीण! दोन्हीकडून शिव्या खाणाऱ्या दिग्दर्शिकेबद्दल मला आपोआप आदर वाटतो.

आणि माझ्या मते हा सिनेमा आत्याचा आहे. चू युआनयुआनने काय केलीय ती! आत्याला तरुणपणी विद्यापीठात रशियन शिकायला प्रवेश मिळालेला, भावासाठी सोडला. पुढे रशियात व्यापारात जम बसवायला गेली, तर भावाची मुलगी सांभाळायला परत बोलावलं. ही मुलगी म्हणजे आपली आन रानच. सुरुवातीला भाचीला कर्तव्याचे डोस पाजणारी हीच बाई. आणि एकटी असताना त्या एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्यांशी रशियनमध्ये पुटपुटते. शेवटी भाचीला मोकळं करते तीही आत्याच. तिथे तर कोणी घरी आलेलं नाही ना?

चू युआनयुआन २०२५ मध्ये गेली. या भूमिकेसाठी तिला गोल्डन रूस्टर हे चिनी चित्रपट पारितोषिक मिळालं होतं, सहाय्यक अभिनेत्रीचं.

दुपारची झोप

चिनी मालावर बहिष्कार टाकायचा ठराव झाला होता ना आपल्यात? आता सिनेमेही?

खवचट खंड्या

@दुपारची झोप, ठराव ज्या फोनवरून टंकलात तो कुठला म्हणे?

बिनपगारी

@खंड्या, तो फोन 'द क्रॉसिंग'मधल्या पेईपेईने पोटाला बांधून आणलेला असणार. :)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बाई श्युए या दिग्दर्शिकेचा २०१८ चा पहिला सिनेमा. सोळा वर्षांची मुलगी राहते शेनचेनला आणि शाळा हाँगकाँगला, रोज सीमा ओलांडते. गणवेशातल्या पोरीला कोण अडवणार? म्हणून तस्कर तिच्याकडून आयफोन पलीकडे न्यायला लागतात. मैत्रिणीबरोबर जपानला बर्फ बघायला जायचंय, त्यासाठी पैसे साठवतेय. एवढ्याशा हौसेवर अख्खा गुन्हेपट उभा केलाय. लाल उजेडाच्या खोलीत ती आणि तिच्याबरोबर तस्करी करणारा पोरगा चिकटपट्टीने एकमेकांच्या अंगावर फोन बांधतात तो प्रसंग बघा. एकही चुंबन नाही, तरी श्वास अडकतो.

शांघाय_मुक्काम

मी कामानिमित्त शांघायला असते. 'हर स्टोरी' (शाओ यीहुई) २०२४ च्या नोव्हेंबरात लागला तेव्हा थिएटरात बघितला. बहुतेक बायकाच होत्या, आणि हशा असा की पुढचा संवाद बुडायचा.

वांग थिएमेई ही एकटी आई, आधी पत्रकार होती. तिची नऊ वर्षांची मुलगी मोली. शेजारी राहायला आलेली श्याओ ये, बँडमध्ये गाणारी, प्रेमात वारंवार तोंडघशी पडणारी. तिघींचं जे काही कुटुंब बनतं, त्याचा हा सिनेमा.

एक प्रसंग लिहिल्याशिवाय राहवत नाही. श्याओ ये निरनिराळे आवाज टिपत हिंडते. ते मोलीला हेडफोनवर ऐकवते आणि ओळखायला सांगते. मोली सांगत जाते: पाऊस, वादळ वगैरे. आणि पडद्यावर आपल्याला दिसते थिएमेई. कढईत अंडं टाकतेय, झाडतेय, धुतेय, घर आवरतेय. मुलीला जो पाऊस वाटतो तो आईच्या कढईतला चरचराट. एक शब्द नाही, टाहो नाही, 'आई किती राबते' असलं काहीही नाही. माझ्या शेजारची बाई तोवर खो खो हसत होती, तिथे गप्प झाली.

आणि पुरुषांची खेचलीय ती तर अफाट. घटस्फोटित नवरा बायकोला परत मिळवायला स्त्रीवादाची पुस्तकं वाचून येतो, नसबंदीही करून येतो. मग तो आणि तिचा नवा मित्र जेवणाच्या टेबलावर भांडतात, तुझ्यापेक्षा मी जास्त स्त्रीवादी!

कोरा चहा, या सिनेमात कोणी कुठे परत येत नाही. मोली स्टेजवर ड्रम वाजवते, सगळे टाळ्या पिटतात, आणि नंतर सांगते की तिला स्टेजवर नाही, लिहायलाच आवडतं. पुन्हा कधी वाजवेल की नाही तिचं तिला ठाऊक.

सांगलीची_स्वाती

ते नवऱ्याचं वाचून चहा सांडला. आमच्याकडे फक्त पुस्तकं आणून ठेवण्यापर्यंत प्रगती आहे.

बिनपगारी

शांघाय_मुक्काम, 'हर स्टोरी' मलाही आवडला, पण त्यात एक मेख आहे. बाईंचं घर शांघायच्या जुन्या फ्रेंच वस्तीच्या बाजूला, झाडांच्या सावलीतल्या गल्ल्या, खाली कॉफी. तिथे 'आम्ही तुमचा खेळ खेळणारच नाही' म्हणणं परवडतं. ज्यांना खेळात घेतलेलंच नाही त्यांचं काय?

'एंजल्स वेअर व्हाइट' बघा (व्हिवियन छ्यू, २०१७). समुद्रकाठच्या लॉजमध्ये काम करणारी मिया. वय कोवळं, ओळखपत्र नाही, घरून पळून आलेली. चीनमध्ये ओळखपत्र आणि घरनोंदणीचा दाखला नसला की तुम्ही नसताच, खोली नाही की नोकरी नाही. एका रात्री स्थानिक अधिकारी दोन शाळकरी मुलींना घेऊन लॉजवर येतो. मियाने कॅमेऱ्यात काय ते पाहिलेलं आहे. आपल्याला वाटतं, आता ही सांगेल आणि न्याय होईल. ती आधी हिशोब करते की या पुराव्याचे किती पैसे येतील. ओळखपत्र विकत घ्यायचंय तिला! तिला भली दाखवायचा मोह दिग्दर्शिकेने टाळलाय आणि तरी आपण तिच्या बाजूने राहतो.

अत्याचार पडद्यावर नाहीच. दिसतं ते नंतरचं. एका मुलीची आई तिचे कपडे फेकते, केस कापते, जणू दोष फ्रॉकचा. डॉक्टर पत्रकारांपुढे काही झालंच नाही म्हणून सांगतात. आणि त्या किनाऱ्यावर मेरिलिन मन्रोचा अजस्र पुतळा, सगळे खालून फोटो काढतात. शेवटी पुतळा ट्रकवर आडवा घालून नेतात आणि मिया पांढऱ्या फ्रॉकमध्ये स्कूटरवर त्याच रस्त्याने. कुठे निघालीय ते सांगितलेलं नाही, पण घरी नक्कीच नाही.

अबोली_ठाणे

+१. त्या वर्षी व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत बाई दिग्दर्शक ही एकटीच होती.

पिंपळपान

तुम्ही सगळे समकालीन समकालीन म्हणताय म्हणून एका जुन्या सिनेमाची आठवण करून देतो. ह्वांग शूछिन यांचा 'वुमन, डीमन, ह्यूमन', १९८७. नायिका पारंपरिक नाटकात पुरुष पात्रं करते, तीही भुतांना काबूत ठेवणाऱ्या चोंग ख्वेची, रंगवलेला चेहरा आणि दाढी. पेई यानलिंग या खऱ्या अभिनेत्रीच्या आयुष्यावर बेतलाय आणि ती त्यात आहेसुद्धा. आपल्याकडे बालगंधर्वांवर किती लिहिलं गेलं, पण उलट दिशेने जाणाऱ्या बाईला काय मोजावं लागतं ते या सिनेमात आहे. बापाला मुलीने नट व्हायला नको असतं. घरी नवरा नावापुरता. रंगमंचावर भुतं पळवणारी बाई आरशासमोर बसते तेव्हा तिला वाचवायला कोणी येत नाही.

कोरा चहा यांचा प्रश्न तेव्हाही होताच. ती शेवटी म्हणते की माझं लग्न रंगभूमीशी लागलंय. तक्रार की अभिमान? मला अजून ठरवता आलेलं नाही.

कोरा चहा

पिंपळपान, हा माहीत नव्हता, शोधते. पण 'हाय, मॉम'बद्दल कोणीच बोलेना.

सांगलीची_स्वाती

मी बोलते. रडून रडून उशी भिजली. आता समीक्षकांनी दगड मारावेत.

रानवारा

मारतोच. :) 'हाय, मॉम'ची दिग्दर्शिका जिआ लिंग ही विनोदी कलाकार. १९ वर्षांची असताना आई अपघातात गेली, २००१ मध्ये. हा सिनेमा त्या आईवर, चिनी नावातही आईचंच नाव आहे. ५४१ कोटी युआन कमावले, म्हणजे सहा हजार कोटी रुपयांच्या घरात. 'बार्बी' येईपर्यंत एकट्या बाईने दिग्दर्शित केलेला जगातला सर्वांत जास्त कमाईचा सिनेमा. आईच्या नावाने गळा काढला की पैसा येतो, हे जगात कुठेही खरं.

मुलगी १९८१ मध्ये जाऊन पडते, आईच्या तरुणपणात, कारखान्यात. हिला वाटतं, आईचं आयुष्य माझ्यामुळे फुकट गेलं. म्हणून ती आईला कारखान्याच्या मुख्याच्या मुलाशी जुळवायला बघते. म्हणजे स्वतः जन्मालाच येणार नाही! ही कल्पना भन्नाट होती. अशी मुलगी मी कुठल्या सिनेमात पाहिली नव्हती. आणि मग काय, आई नकार देते, त्याच गरीब कामगाराशी लग्न करते, 'माझी मुलगी सुखी असली की झालं.' अहो, पण तुम्हाला काय हवं होतं बाई?

सांगलीची_स्वाती

रानवारा, तुम्ही फाटक्या पँटचा प्रसंग झोपेत घालवलात वाटतं. आई मुलीची फाटलेली पँट शिवून देते, वर छान कुत्र्याचं चित्र भरते. मुलीला तेव्हा आठवतं की असलं ठिगळ लावायला आई शिकली ती ही शाळेत जायला लागल्यावर. मग १९८१ मधल्या अविवाहित मुलीला हे कसं येतं? म्हणजे आईही मागे आलेली आहे! तिला सगळं माहीत आहे, पुढे काय होणार तेही. तरीही तिने तेच निवडलं. आयुष्य पुन्हा जगायची संधी मिळालेली बाई तेच आयुष्य मागते, याला तुम्ही बळी कसं म्हणता?

रानवारा

निवडलं, पण ते निवडणारी आई लिहिली कोणी? मुलीनेच. आई गेलेल्या मुलीला ऐकायला हवं तेच ती आई बोलते. त्याबद्दल मला जिआ लिंगचा राग नाही, कोणीही हेच लिहिलं असतं. पण याला स्त्रीचं चित्रण म्हणायला मी तयार नाही. ते मुलीचं दुःख आहे.

अबोली_ठाणे

रानवारा, हे मात्र बरोबर पकडलंत. दुसरी बाजू हवी असेल तर यांग लिनाचा 'स्प्रिंग टाइड' (२०१९) बघा. आजी, आई, नात एका घरात. आजी बाहेर सगळ्यांची लाडकी, घरी मैत्रिणी जमवून जुनी देशभक्तीची गाणी म्हणणार, आणि मुलीला येताजाता टोचून खाणार. मुलगी (हाओ लेई) पत्रकार, जगाशी भांडते आणि आईपुढे मुकी. नात दोघींच्या मधे विनोद करत तरते. शेवटी आजी दवाखान्यात बेशुद्ध पडते आणि तेव्हा कुठे मुलगी बोलते, एकटीच, कितीतरी वेळ. ऐकणारी ऐकूच शकत नाही तेव्हा. अशी आई दाखवायला छाती लागते, चीनमध्ये काय आणि आपल्याकडे काय.

हा सिनेमा थिएटरऐवजी ऑनलाइनच आला, २०२० मध्ये. याच बाईंनी नंतर 'मामा!' (चिनीत आई) केला: ८५ वर्षांची आई ६५ वर्षांच्या मुलीला सांभाळते, कारण विस्मरणाचा आजार मुलीला झालाय.

दुपारची झोप

'स्प्रिंग टाइड' आताच बघायला घेतला. पहिल्या वीस मिनिटांत माझी मावशी दिसली. बंद केला.

खवचट खंड्या

बहिष्कार यशस्वी.

संपादक मंडळ

कृपया फोन, बहिष्कार आणि मावश्या यांसाठी स्वतंत्र धागा काढावा.

शांघाय_मुक्काम

मूळ प्रश्नातल्या सेन्सॉरबद्दल. इथे परवान्याशिवाय सिनेमा थिएटरात लागत नाही, सुरुवातीला जी हिरवी ड्रॅगनची मुद्रा दिसते तोच तो. परवाना मिळूनही भरवसा नाही. ली यू यांचा 'लॉस्ट इन बीजिंग' (२००७) कापाकापी करून लागला आणि लागल्यावर बंदी आली. त्यामुळे दिग्दर्शिका शेवटाची वाक्यं जपून टाकतात, हे खरंच.

पण परवान्याच्या फंदात न पडलेला सिनेमा कसा असतो तेही बघा. ह्वांग जी आणि तिचा जपानी नवरा ओत्सुका र्युजी यांचा 'स्टोनवॉलिंग' (२०२२). हुनान प्रांतातली वीस वर्षांची लिन, हवाई सुंदरीचं शिक्षण घेतेय, पैशासाठी बीजांड विकायला जाते तर कळतं दिवस गेलेत. आईच्या दवाखान्यात एका बाईचं मूल दगावलंय, तिला भरपाई द्यायचीय. लिन ठरवते, माझं मूलच देऊन टाकू. चित्रीकरण दहा महिने चाललं, गरोदरपणाच्या हिशेबाने. आईबापाचं काम दिग्दर्शिकेच्या खऱ्या आईवडिलांनी केलंय. आवाज चढत नाही, संगीत नाही, आणि प्रत्येक प्रसंगात काही ना काही विक्रीला आहे: मलम, बीजांड, चेहरा, इंग्रजी उच्चार. २०२३ ला तैवानचा गोल्डन हॉर्स मिळाला. त्या पुरस्कारावर मुख्यभूमीच्या चित्रपट खात्याचा २०१९ पासून बहिष्कार आहे.

(खरा बहिष्कार असा असतो, दुपारची झोप.)

रानवारा

'योलो' राहिला की. तोही जिआ लिंगचाच, २०२४, जपानी '१०० येन लव्ह'वरून. भूमिकेसाठी आधी वीसेक किलो वाढवले, मग पन्नास उतरवले. चर्चा सगळी त्या किलोंची. सिनेमात मात्र वजनाबद्दल फारसं बोलतच नाहीत. ही मुष्टियुद्धाच्या सामन्यात उतरते आणि हरते, सडकून मार खाते. आणि ज्याच्यासाठी पूर्वी जीव टाकायची तो जेवायला बोलावतो तर म्हणते, बघू, मूड असला तर. त्या एका वाक्यासाठी मी 'हाय, मॉम'चा हिशोब मिटवायला तयार आहे.

बिनपगारी

पण जाहिरात किलोंचीच केली ना त्यांनी! बारीक झालेली जिआ लिंग प्रदर्शनापर्यंत लपवून ठेवली, लोकांनी ती बघायला तिकिटं काढली. ३४० कोटी युआनच्या वर धंदा. बाईच्या शरीरावर कोणी टीका करू नये म्हणणारा सिनेमा बाईच्या शरीरावरच विकला.

पिंपळपान

आपल्या सुमित्रा भावे आठवल्या. समाजशास्त्राचं संशोधन करताना वाटलं की अहवाल या बायकांपर्यंत पोचतच नाही, म्हणून १९८५ मध्ये 'बाई' केला. त्यांना ना पन्नास किलो लागले, ना ५४१ कोटी.

कोरा चहा

सगळे प्रतिसाद वाचले. 'सिस्टर' पुन्हा लावून बघितला. अबोली, आत्याबद्दल पूर्ण सहमत. पण शेवटाबद्दल माझं मत तेच आहे, फक्त राग आता दिग्दर्शिकेवर नाही. भाऊ म्हणून जो पोरगा घेतलाय तो शेवटी एवढा शहाणा आणि गोड होतो की त्याला सोडणं प्रेक्षकालाच जड जावं. तो हट्टी, किरकिरा, नकोसाच राहिला असता तर? तर तिचा नकार आपण किती जणांनी मान्य केला असता?

आणि यादीकडे बघून एक जाणवलं. ज्यांना घरी आणलं ते सिनेमे सुट्टीला, सणाला सहकुटुंब बघायचे होते. 'हाय, मॉम' चिनी नववर्षाला लागला, 'सिस्टर' पितरांच्या छिंगमिंगच्या सुट्टीत. 'योलो'ही नववर्षाचाच, म्हणून रानवाराने सांगितलेलं ते 'मूड असला तर' मला जास्त धाडसाचं वाटतं.

अबोली_ठाणे

नकोसा भाऊ! हा मुद्दा बिनतोड. मग २०२४ चा 'लाइक अ रोलिंग स्टोन' बघ, यिन लिछुआन यांचा. सू मिन या खऱ्या बाईंवरून. चंगचौच्या, वय ५६, सप्टेंबर २०२० मध्ये आपली छोटी पांढरी गाडी आणि टपावर तंबू घेऊन एकट्या निघाल्या. सिनेमात योंग मेई आहे. नवरा मारकुटा राक्षस दाखवलेला नाही. पैपैचा हिशोब मांडणारा, येताजाता पाणउतारा करणारा, चारचौघांत 'तसा वाईट नाही हो' म्हणावा असा. मुलगी गोड आहे, शिकलेली आहे, तरी आईने थांबावं असं तिलाही वाटतं, कारण जुळी सांभाळायचीत. दरवेळी निघायचं ठरतं आणि कोणाला तरी तिची गरज लागते. शेवटी जुळी बालवाडीत गेली की निघते. म्हणजे तिनेही आधी सगळं उरकलंच!

सांगलीची_स्वाती

उरकूनच निघतात हो सगळ्या. जाताना डबा पण करून ठेवला असेल.

बरं, एक कामाचं विचारते. सासूबाई आल्यात पंधरा दिवसांसाठी. त्यांच्याबरोबर बसून बघता येईल असा यातला कुठला?

शांघाय_मुक्काम

'हाय, मॉम' डोळे झाकून लावा. 'सेंड मी टू द क्लाउड्स' मात्र टाळा. याओ छन नायिका आहे, चांगला आहे, पण नायिकेला बीजाशयाचा कर्करोग निघतो आणि शस्त्रक्रियेआधी एकदा शरीरसुख मिळावं म्हणून ती पुरुष शोधत फिरते. सासूबाईंसमोर अवघडायला होईल.

सांगलीची_स्वाती

उशीर झाला. तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचला, त्या म्हणाल्या तोच लाव.